एका खुंटीवर टांगलेली संस्था
(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला पाहुण्यांनी यजमानांचे कौतुक करावे, अशी रीत आहे. पण आपल्या समितीने निमंत्रण देतानाच सांगितले, "कौतुक राहू द्या, तुमची अभ्यासिका बंद कशी पडली आणि परत उघडली कशी, तेवढं सांगा." तेव्हा आम्ही आज आमच्या फजितीची गोष्ट सांगायला उभे आहोत.

आमच्या वस्तीतल्या मंडळींनी १९८८ साली ट्रस्ट काढला. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्हींखाली रीतसर नोंदणी झाली. सात विश्वस्त आणि काम एकच, अभ्यासिका. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, टीव्ही चालू असतो, तिथे दहावीचं पोरगं वाचणार कुठे? म्हणून एक हॉल, चार ट्यूबलाइट, तीन पंखे, सतरंज्या आणि पुस्तकांची दोन कपाटे. इथे बसून शिकलेली मुले पुढे शिक्षक झाली, नर्स झाली, बँकेत लागली.

आमचे सचिव, त्यांना सगळी वस्ती दादा म्हणायची. पावतीपुस्तक दादांकडे, चेकबुक दादांकडे, ऑडिटचे कागद दादांच्या घरच्या लोखंडी कपाटात आणि हॉलची चावी दादांच्या करगोट्याला. मीटिंगला कोणी कशाबद्दल विचारले की उत्तर ठरलेले, "दादा आहेत ना!" खरे सांगायचे तर हीच आमच्या संस्थेची घटना होती. आम्ही सह्या करायचो, चहा प्यायचो आणि घरी जायचो.

पैशाचेही तसेच. वस्तीतली वर्गणी गोळा करणे कटकटीचे, म्हणून ती हळूहळू सुटली. एक भले कंत्राटदार दरवर्षी साठ हजार रुपये द्यायचे, त्यात वर्ष निघायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, त्यांची कामे ठप्प झाली आणि देणगी थांबली. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. सगळी संस्था त्यांच्या एकट्याच्या खिशावर ठेवली ती आम्ही.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दादा गेले. आठ दिवसांत होत्याचे नव्हते झाले. अंत्यविधीलाही आम्हांला जाता आले नाही.

दुःखातून जरा सावरून बँकेत गेलो, तेव्हा खरा उलगडा झाला. खात्यावर सचिव आणि खजिनदार यांची जोडसही होती. खजिनदार तर २०१७ सालीच गावी राहायला गेलेले. जाताना ते कोऱ्या चेकवर सह्या करून गेले होते, आणि चार वर्षे कारभार त्यावर चालला होता! हे सांगताना आज लाज वाटते. बँकेने सांगितले, धर्मादाय कार्यालयाचा शेड्यूल वनचा उतारा आणा, त्यात ज्यांची नावे असतील त्यांचेच आम्ही ऐकू. उतारा काढला. त्यात १९८८ चीच सात नावे. पाच जण हयात नाहीत, एक गावी अंथरुणाला खिळलेले, उरलेले एक ब्याऐंशी वर्षांचे. मधल्या काळात आम्ही मीटिंगा घेऊन नवे विश्वस्त निवडले होते, हारतुरे घातले होते, फोटो काढले होते. पण विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो, तो एकदाही केलेला नव्हता. कायद्याच्या नजरेत आम्ही कोणीच नव्हतो.

खात्यात १ लाख ४३ हजार रुपये होते. त्यातला एक रुपया आम्हांला चौदा महिने काढता आला नाही. लाइट बिल थकले, मीटर कापले गेले. शाळा-कॉलेजे उघडली, मुले परत आली, तर हॉलमध्ये अंधार. काही मुले जिन्यातल्या दिव्याखाली बसू लागली. दहावीतली एक हुशार मुलगी होती. रात्री जिन्यात बसायला घरच्यांनी तिला मनाई केली, आणि ते बरोबरच होते. तिला परीक्षेत कमी मार्क पडले. ती काही बोलली नाही. पण तिच्या आईने भररस्त्यात आम्हांला विचारले, "तुमच्याकडे पैसे होते ना?" होते, हेच तर वाईट.

असे काही आपल्या चळवळीला नवीन नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, शाहू महाराजांनी त्याला अडीच हजारांची मदत केली. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले, १९२२ मध्ये महाराज गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. परत आल्यावर १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिला अध्यक्ष, कार्यकारी मंडळ, चिटणीस, खजिनदार अशी रीतसर घडण दिली आणि १९२५ च्या आरंभी सोलापूरला वसतिगृह उघडले. ज्यांच्या एकट्याच्या शब्दावर हजारो माणसे उठत, त्यांनी कारभार मंडळावर सोपवला. आणि आम्ही मात्र 'दादा आहेत ना' म्हणत बसलो.

आता परत उघडली कशी, ते सांगतो. आम्ही पुरुष मंडळी वकील शोधत होतो, तोवर गल्लीतल्या महिलांनी वाट काढली. त्यांची भिशी टाळेबंदीतही मोडली नव्हती. का? तर तीन जणी पैसे सांभाळतात, चौथी वही लिहिते आणि महिन्याला वही सगळ्यांसमोर वाचली जाते. त्यांनी तीच पद्धत अभ्यासिकेला लावली. ४२ घरे, घरामागे महिना वीस रुपये, म्हणजे ८४० रुपये. दिसायला रक्कम किरकोळ, पण त्यातून थकबाकीचे हप्ते बांधून घेतले आणि मीटर परत लागले. ४२ घरांतली पाच घरे एखाद्या महिन्यात चुकली तरी दिवा विझत नाही, हे आम्हांला तेव्हा कळले. शिवाय वीस रुपये देणारा माणूस येऊन विचारतो, "पंखा का बंद आहे?" साठ हजारवाल्यांनी कधी विचारले नव्हते.

दरम्यान कागदांची लढाई चालू होती. जुन्या मीटिंगांची इतिवृत्ते, नोटिसा, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे, उशीर माफ करण्याचा अर्ज. पाच जणांचे मृत्यूचे दाखले जमवायलाच चार महिने गेले, कारण एक जण गावी वारले होते आणि तिथे नोंदच सापडेना. अखेर बदल मंजूर झाले. आज सात विश्वस्तांत तीन महिला आणि दोघे तिशीच्या आतले आहेत. सह्या तिघांच्या, त्यातल्या कोणत्याही दोघांच्या चालतात. चाव्या तीन. जमाखर्च दर पौर्णिमेला वंदनेनंतर मोठ्याने वाचतो. त्यावरून भांडणे होतात, बरं का! झाडूला नव्वद रुपये कसे, यावर अर्धा तास गेला आहे. जाऊ द्या. वज्जींची हानी का होणार नाही हे सांगताना तथागतांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती वारंवार एकत्र जमण्याची. जमल्यावर झाडूवर बोलू नये, असे काही म्हटलेले नाही.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. सहा महिन्यांचे लाइट बिल आणि ऑडिटची फी भागेल एवढी रक्कम आम्ही वेगळी ठेव म्हणून ठेवली आहे. जुनी मंडळी म्हणतात, मुलांना पुस्तके हवीत आणि पैसा पडून कसा ठेवता? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण अंधारात पुस्तक काय कामाचे? ठेव मोडायची नाही, यावर आम्ही ठाम आहोत. तसेच मागे कोणी सहा जुने कॉम्प्युटर देऊ केले होते, ते नम्रपणे नाकारले. शिकवायला माणूस नाही, ठेवायला जागा नाही. आधीच्या काळात आम्ही हार घालून घेतले असते.

गेल्या महिन्यात आमच्या एका विश्वस्त भगिनी बदलून दुसऱ्या गावी गेल्या. त्यांच्या जागेचा बदल अर्ज अठराव्या दिवशी दाखल केला आहे, पोहोच फाईलला लावली आहे. ती फाईल आम्ही सोबत आणली आहे, कोणते कागद लागतात तेही त्यात क्रमाने लावले आहेत. समितीतल्या कोणाला पाहायची असेल तर चहाच्या वेळी मागच्या टेबलावर बसू. येताना आपल्या विहाराचा शेड्यूल वनचा उतारा घेऊन या, आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते आधी एकदा वाचून या.

जयभीम.