गाणं सोबत न्यायचं, म्हणजे नेमकं काय न्यायचं?

चंदीगडमध्ये मराठी ऐकायला एवढे जण जमलात, आणि पडद्यापलीकडे तुम्हीही आहात, बरं वाटलं.

आजची कादंबरी आहे आर्थर सी. क्लार्क यांची, १९८६ सालची, ‘द साँग्ज ऑफ डिस्टंट अर्थ’. सूर्याचा स्फोट होणार हे कळल्यावर माणसं दूरच्या ग्रहांकडे बीजयानं पाठवतात. यंत्रंच तिथे मुलं जन्माला घालतात आणि वाढवतात. त्या मुलांसाठी पृथ्वीवरचं साहित्यही धाडलेलं असतं. पण पुढे भांडणं नकोत म्हणून त्यातला देवाधर्माचा भाग गाळलेला!

इथे मी पुस्तक मिटलं. आपल्या गाण्याला अशी चाळणी लावली तर? अभंग गेले, आरत्या गेल्या, कितीतरी बंदिशी गेल्या.

बरं, काहीच न गाळता सगळं पाठवलं, तर गाणं पोहोचेल?

१९७७ साली आपण एक गाणं खरंच पाठवलंय. दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यान मात्र २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, अजून चाललंय.

अभिमान वाटतोच. पण केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांसमोर वर्षानुवर्षं बसल्या, तेव्हा तो गळा तयार झाला. ते बसणं तबकडीत कसं मावणार?

आता जरा जमिनीवर येऊ. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर १९०१ साली लाहोरला गेले. परका मुलूख, परकी बोली. त्यांनी तिथे गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली, मुलांना समोर बसवून शिकवलं. गाणं दूरदेशी वसवायचं ते असं! पुढे फाळणीत लाहोर पलीकडे गेलं, म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी झाली. तेच आपलं चंदीगड. इथे तर सगळेच कुठून ना कुठून आलेले.

आणि आपण काय आणलं? खरं सांगतो, आमच्या घरी गणपतीत आरती मोबाइलवर लागते. मुलगी टाळ्या वाजवते. तिला शब्द येत नाहीत, कारण कधी गरजच पडली नाही. मंगळ राहू दे, पुण्याहून चंदीगडला येतानाच माझं बीजयान झालं!

म्हणून यंदा मोबाइल बंद. आरती तिनं म्हणायची, आम्ही मागून. चुकेल, सूर वर-खाली जाईल, जाऊ दे. तुमच्याकडे आरती कोण म्हणतं, ते जाता जाता एकमेकांना जरूर विचारा.