बीडचे दोन फलंदाज, परक्या खेळपट्ट्या

सरावाच्या खेळपट्टीवर चेंडू किती उसळणार, हे पायांना आधीच ठाऊक असतं. स्पर्धेत ती खात्री उरत नाही. टेनपिन बोलिंगमध्येही असंच घडतं. रोजच्या लेनवर, म्हणजे चेंडू घरंगळत सोडतात त्या पट्टीवर, मध्यभागी तेल जास्त आणि कडांना कमी असतं, त्यामुळे थोडा चुकलेला चेंडूही वळून पिनांकडे येतो. अवघड स्पर्धेत तेल जवळपास सगळीकडे सारखं पसरतात, मग चूक झाकली जात नाही.

क्रिकेटमध्ये अशी परीक्षा बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगर यांनी ऑगस्ट 2002 मध्ये इंग्लंडमधल्या हेडिंग्ले कसोटीत दिली. ढगाळ हवा, स्विंग होणारा चेंडू, आणि तरीही भारतानं पहिली फलंदाजी घेतलेली. सेहवाग लवकर बाद झाला. बांगर यांनी 236 चेंडू खेळून 68 धावा केल्या, द्रविडसोबत 170 धावा जोडल्या. भारत डावानं जिंकला. शतकं द्रविड, तेंडुलकर, गांगुली यांची. पण माझ्या मते त्या विजयाचा पाया बांगर यांच्या संयमानं घातला. बाहेरचा चेंडू सोडून देणं हीही फलंदाजीच आहे.

2024 मध्ये बीडच्याच सचिन धसनं दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला, 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारत 4 बाद 32 असताना उभं राहून 96 धावा केल्या.

म्हणून मुलांनो, सरावात कधी मॅटिंगवर, कधी ओलसर मातीवर, कधी नव्या चेंडूवर खेळा.