नाडीचा अभ्यासक : सर जेम्स मॅकेन्झी

डॉक्टरांनीं छातीला नळी लावून ‘हृदयांत आवाज आहे’ असें म्हटलें, कीं घरांतील सारीं माणसें धास्तावतात. परंतु असा प्रत्येक आवाज घातक असतो काय? हा साधा प्रश्न ज्यांनीं आयुष्यभर चिकाटीनें विचारला, त्या सर जेम्स मॅकेन्झी यांची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

मॅकेन्झी यांचा जन्म १८५३ सालीं स्कॉटलंडमध्यें एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. प्रथम औषधांच्या दुकानांत उमेदवारी करून व पुढें एडिंबरा येथें पदवी मिळवून, १८७९ सालीं ते लँकेशायरमधील बर्न्ली या गिरण्यांच्या गांवीं व्यवसायास आले. तेथें एक हृद्रोगी तरुणी बाळंतपणांत त्यांच्या डोळ्यांदेखत दगावली. कोणतें हृदय प्रसूतीचा ताण सोशील आणि कोणतें सोसणार नाहीं, याचें उत्तर त्यांना ग्रंथांत सांपडेना. तेव्हां तें आपणच शोधावयाचें, असा त्यांनीं निश्चय केला.

विद्यापीठाची प्रयोगशाळा त्यांच्यापाशीं नव्हती. होते ते नित्याचे रोगी. मनगटाच्या नाडीबरोबरच मानेंतील शिरेचें स्पंदनहि कागदावर उमटविणारें यंत्र त्यांनीं सिद्ध केलें, व एका घड्याळजीच्या साहाय्यानें त्यास शाईची लेखणी जोडली. मनगट हृदयाच्या खालच्या कप्प्याचें काम सांगे, तर मानेंतील शीर वरच्या कप्प्याचें. १९०२ सालीं नाडीच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

यंत्राहूनहि मोलाची होती ती त्यांची चिकाटी. तोच रोगी त्यांना वर्षानुवर्षें पाहावयास मिळे. ज्यांची नाडी मधूनच एखादा ठोका चुकवी, अशीं पुष्कळ माणसें पुढेंहि ठणठणीत राहिलेलीं त्यांनीं पाहिलीं. अशांना हृद्रोगी ठरवून जायबंदी करणें हा अन्याय आहे, असें ते म्हणूं लागले. उलट, कांहींची नाडी सर्वस्वी अनियमित चाले, आणि मानेंतील वरच्या कप्प्याची लाट नाहींशी होई. अशांना डिजिटॅलिसचा विशेष गुण येतो, हें त्यांनीं दाखविलें. या विकाराचा त्यांनीं लावलेला अर्थ मात्र चुकला. तो १९०९ सालीं टॉमस लुइस यांनीं विद्युत्-आलेखाच्या साहाय्यानें उलगडला.

१९०७ सालीं ते लंडनला गेले. कीर्ति मिळाली, १९१५ सालीं ‘सर’ ही पदवीहि मिळाली. तरी १९१८ मध्यें भरभराटीचा व्यवसाय सोडून ते सेंट अँड्र्यूज या लहानशा गांवीं आले व तेथें त्यांनीं संशोधनसंस्था काढली. रोगाचा आरंभ रुग्णालयांत नव्हे, घरींच होतो. तेव्हां तो प्रथम दिसतो घरच्या डॉक्टरास, ही त्यांची श्रद्धा होती. स्वतःच्या छातींतील कळांचीहि त्यांनीं अभ्यासकाच्या दृष्टीनें नोंद ठेविली. १९२५ सालीं त्याच विकारानें ते गेले. आपलें हृदय सहकाऱ्यांनीं तपासावें, अशी त्यांची इच्छा होती.

कोणता आवाज भयाचा आणि कोणता निर्भय, हें ठरविणें अर्थातच डॉक्टरांचें काम. पण नाडी पाहून ते ‘ठोका चुकतो, तरी चिंता नको’ असें म्हणतील, तेव्हां त्या धीराच्या शब्दामागें बर्न्लीच्या त्या तरुणीचा मृत्यु आणि एका डॉक्टराची अनेक वर्षांची जागरूकता उभी आहे, हें आपण विसरूं नये.