बंदीच्या दिवसांतला व्यायाम

आगरदांड्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, बाहेर धो धो पाऊस आणि तासन्‌तास मांडी घालून जाळ्यांची दुरुस्ती. कंबर धरते ती तेव्हाच. अशा वेळी व्यायामाला घरातली सतरंजी पुरते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत; त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनहून निघालं! तरुणांनी नमस्कार जरूर घालावेत. साठी उलटलेल्यांनी मात्र हट्ट करू नये. हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहा. तोल सुधारला की पडण्याची भीती कमी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.