निमंत्रणाचा मान आणि प्रवेशाची वाट

व्यावसायिक स्नूकरच्या स्पर्धा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. क्रमवारी स्पर्धांतील कामगिरीवरून खेळाडूचे जागतिक स्थान ठरते, तर निमंत्रित स्पर्धेत आयोजक ठरावीक निकषांनुसार मोजक्या खेळाडूंना बोलावतात आणि तेथील विजयाने मान व धन मिळत असले, तरी क्रमवारीत त्याची गणना होत नाही. लंडनमध्ये १९७५ साली सुरू झालेली 'मास्टर्स' ही निमंत्रित स्पर्धांतील सर्वांत मानाची स्पर्धा होय. तीत आज क्रमवारीतील पहिले सोळा खेळाडूच उतरतात. २०१० पर्यंत मात्र काहींना 'वाइल्डकार्ड', म्हणजे या सोळांबाहेरून विशेष प्रवेश, मिळत असे.

निमंत्रण हे सिद्ध झालेल्या गुणांचा गौरव करते. गुण घडतात ते त्याआधी, आणि त्यासाठी टेबल सर्वांना खुले असावे लागते. भारतात नेमके हेच दीर्घकाळ दुर्मीळ राहिले. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीत, ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये, हा खेळ जन्मला आणि पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम रुळले. त्यानंतरही तो बहुतांशी क्लब आणि जिमखान्यांच्या सभासदत्वात अडकून पडला. त्या चौकटीतूनही मोठे खेळाडू निपजले. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकाता येथे, स्नूकरच्याच कुळातील बिलियर्ड्स या खेळात, जागतिक हौशी विजेते ठरले आणि १९६४ मध्ये त्यांनी ते पद पुन्हा मिळवले.

खुल्या वाटेचे मोल २०१३ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी दिल्लीतील इंडियन ओपन या क्रमवारी स्पर्धेत मुंबईचा आदित्य मेहता एकेक फेरी जिंकत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला हरवले, तरीही क्रमवारी स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. मार्च २०१५ मध्ये हीच स्पर्धा मुंबईत झाली आणि वेल्सच्या मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला ५-० असे नमवून ती जिंकली. जागतिक दर्जाचा खेळ पुणे आणि मुंबई यांच्या वाटेवरील पनवेल शहरापासून लोकलच्या अंतरावर आला होता. परंतु पाहुण्यांचा खेळ पाहून स्थानिक खेळाडू तयार होत नाही, त्याला रोज सरावाला टेबल लागते.

ते टेबलही साधे नसते. बारा फूट लांब व सहा फूट रुंद अशा टेबलाचा तळ पाटीच्या दगडाचा असतो आणि त्यावर लोकरीची हिरवी बनात ताणून बसवलेली असते. पनवेलच्या पावसाळ्यात हवेतील ओल बनातीत मुरते, चेंडू जड चालतो आणि 'कुशन' म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून परतताना त्याची चाल बदलते. यासाठीच मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत दगडाखाली विजेची तापयंत्रणा बसवतात. पंधरा लाल चेंडूंपैकी प्रत्येकानंतर सात गुणांचा काळा चेंडू आणि शेवटी सहाही रंगीत चेंडू खिशात घातले, तर १४७ गुणांचा सर्वोच्च 'ब्रेक', म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेले गुण, साधतो. त्यासाठी पांढरा चेंडू दर वेळी नेमक्या जागी थांबवावा लागतो. दमट बनातीवर घडलेला हात कोरड्या, वेगवान टेबलावर हा अंदाज एका दिवसात बदलू शकत नाही, आणि निमंत्रण मिळूनही पहिल्याच फेरीत घरी परतण्याची पाळी येते.

म्हणून पनवेलने एखादी निमंत्रित स्पर्धा भरवण्याआधी सार्वजनिक क्रीडासंकुलात एक टेबल मांडणे अधिक हिताचे आहे. क्यू, म्हणजे खेळण्याची काठी, मोकळेपणाने फिरवता यावी यासाठी सुमारे बावीस बाय सोळा फुटांची कोरडी खोली लागते; त्याशिवाय एक जाणता प्रशिक्षक आणि विद्यार्थ्याला परवडेल असे शुल्क हवे. स्नूकरचे पार्लर म्हणजे टवाळांचा अड्डा हा पालकांमधील समजही अशाच ठिकाणी ओसरेल. स्पर्धेचे निमंत्रण शेवटी थोड्यांनाच मिळणार, परंतु त्या थोड्यांत आपली मुले असावीत असे वाटत असेल, तर सरावाचे दार आधी सर्वांना उघडले पाहिजे.