'लेजिस्लेचर' म्हणजे केवळ विधानसभा नव्हे
(जिल्हा वार्ताहरांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी मजकुरात 'लेजिस्लेचर' हा शब्द आला की आपली लेखणी सवयीने 'विधानसभा' लिहून मोकळी होते. लॅटिन भाषेत 'लेक्स' म्हणजे कायदा, आणि तो मांडणारा तो 'लातोर'; त्यांतून हा शब्द घडला. परंतु व्युत्पत्तीवर आपले भागणार नाही. तो राज्यघटनेतच पाहावयास हवा.

अनुच्छेद १६८ अन्वये राज्यपाल आणि सभागृह अथवा सभागृहे मिळून राज्याचे विधानमंडळ होते. महाराष्ट्रात २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधानपरिषद आहे. शेजारच्या गोव्यात परिषद नाही. तेथे राज्यपाल व ४० सदस्यांची विधानसभा एवढेच विधानमंडळ. राज्यपाल कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात, तरी विधानमंडळाचे अंग असतात. याचे पुष्कळांना नवल वाटते. पण संसदही राष्ट्रपतींसह दोन सभागृहांचीच बनलेली आहे. वृत्तपत्रांत रुळलेला 'विधिमंडळ' हा पर्याय मला खटकत नाही, अर्थ तोच.

जुने कागद वाचताना मात्र जपावे. १८६२ साली मुंबईत कामकाज सुरू केलेली 'लेजिस्लेटिव्ह कौन्सिल' म्हणजे आजचे वरिष्ठ सभागृह नव्हे. त्या काळी सभागृह ते एकच. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये मुंबई प्रांताला दोन सभागृहे मिळाली.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. मंत्रिमंडळाने विधेयकाच्या मसुद्याला मान्यता दिली, की 'कायदा झाला' अशी बातमी येते. विधानसभेने ते संमत केले, की तीच बातमी पुन्हा येते. वास्तविक परिषदेचा विचार आणि राज्यपालांची अनुमती व्हावयाची असते. काही विधेयके राष्ट्रपतींकडेही जातात. त्यानंतरही अंमलाचा दिनांक निराळा असू शकतो. आपला रोजगार हमी अधिनियम पाहा. त्याच्या नावात १९७७ हे वर्ष आहे, क्रमांक १९७८ चा विसावा आहे आणि तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. खडी फोडणाऱ्या मजुराला काम मागण्याचा कायदेशीर हक्क या तीनपैकी कोणत्या वर्षी मिळाला, हे त्याला आपणच सांगावयाचे असते. चुकीच्या बातमीवर विसंबून तो तहसील कचेरीत हेलपाटे घालील, आणि तेथील कारकून त्याला परत पाठवील तो नियमानेच.

अध्यादेशाचे प्रकरण आणखी नाजूक आहे. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल तो काढतात आणि त्याला कायद्याचेच बळ असते. मात्र विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा अधिनियमाने घेतली नाही, तर तो संपुष्टात येतो. म्हणून अध्यादेशाची बातमी देणाऱ्याने अधिवेशनाचा दिनांकही टिपून ठेवावा. दुसरी बातमी त्याच दिनांकापासून मोजावयाची असते.