पंधरा ऑगस्टनंतरचे तेरा महिने

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, संस्थेच्या आवारात ध्वजवंदनानंतर झालेले भाषण)



मुलं दरवर्षी विचारतात, "पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालंय की, मग आज परत कशाला?" प्रश्न रास्त आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला शेजारची बार्शी स्वतंत्र झाली, कारण ती मुंबई प्रांतात होती. आपलं परंडा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथं स्वातंत्र्य यायला आणखी तेरा महिने लागले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली माणसं तुरुंगात गेली, रझाकारांचे जुलूम सोसले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली.

हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा नव्हता, हे मुलांनी लक्षात ठेवावं. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबाद भारतात यावं असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. मुक्तीनंतरच्या दिवसांत सूडापोटी निरपराध मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव नोंदवलं. म्हणजे स्वातंत्र्य आलं, पण समतेच्या पहिल्याच परीक्षेत आपण कमी पडलो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं की, राजकारणात प्रत्येकाला एक मत मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर लोकशाहीच धोक्यात येईल.

आता आपल्या संस्थेकडे बघू. सहकारी कायद्यानं इथं एक सभासद, एक मत. कुणाचं घर दुमजली असो की दोन खोल्यांचं, मत एकच. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कागदावर आपण पक्के समतावादी आहोत. पण कागदाच्या बाहेर?

मी माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझा वरचा मजला रिकामा होता. एक तरुण जोडपं घर बघायला आलं, दोघंही नोकरदार. मी पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय?" ऐकल्यावर म्हणालो, "बघून सांगतो." सांगितलं नाहीच. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "अप्पा, सव्वीस जानेवारीला तर तुम्ही समतेवर बोलता." मला उत्तर सुचलं नाही. त्या जोडप्याला दुसरीकडे घर मिळालं. माफी मागायची मात्र राहून गेली.

संविधानाचं १५वं कलम धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला सरकारला मनाई करतं. पण माझ्या घराचं दार सरकार उघडत नाही, मी उघडतो. तिथं कलम पोचायचं तर ते माझ्या हातूनच पोचणार.

आपल्या गावाला हे अवघड जाऊ नये. याच परंड्यात हंसराज स्वामींचा मठ आहे आणि ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गाही.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझी एकच विनंती. घर भाड्यानं देताना किंवा विकताना जरूर चौकशी करा. माणसं किती, काम काय, ओळखपत्र आहे का, भाडेकरार आणि पोलिसांकडची नोंद झाली का, सगळं विचारा. आडनाव करारात येईलच. निर्णय त्यावर नको. येत्या वार्षिक सभेत असा ठराव यावा आणि तो मीच मांडावा, असं मी ठरवलंय. अनुमोदक हवा आहे. मतभेद असतील तर तेही सभेत मोकळेपणानं मांडा, मला राग येणार नाही.

तेरा महिने उशिरा का होईना, स्वातंत्र्य आपल्या गावात आलं. समतेला आपल्या दारात यायला आणखी उशीर नको.

जय हिंद, जय महाराष्ट्र!